शारीरिक शिक्षणाच्या पदव्या : खर्चाचा हिशेब आणि पदरात पडणारे मोल

नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहर मागे पडल्यानंतर थोड्याच वेळात अर्धापूर लागते. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या पाण्याने या परिसराचे रूप पालटले. ज्वारी-कापसाच्या जोडीला केळी व हळद आली आणि हाती चार पैसे खेळू लागले. त्या पैशांतून मुलांच्या शिक्षणाची हौस वाढावी, हे स्वाभाविकच होय. या रस्त्याने पहाटेच्या वेळी जाणाऱ्यास आणखी एक दृश्य दिसते. पोलीस किंवा सैन्य भरतीच्या आशेने धावणारी मुले, आणि आता मुलीही, काठाकाठाने टोळक्यांनी पळत असतात. यांपैकी बहुतेकांना भरतीत यश येत नाही. मात्र धावण्याची, खेळण्याची गोडी लागलेली असते. मग बारावीनंतर किंवा बी.ए. झाल्यावर घरात प्रश्न निघतो की, खेळाचेच शिक्षण घेतले तर पुढे काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ अनेकदा शाळेतील गुरुजींवर, ग्रामपंचायतीच्या सदस्यांवर किंवा दाखल्यासाठी भेटलेल्या अधिकाऱ्यावर येते. उत्तर बहुधा दोन टोकांचे असते. "त्यात काही राम नाही," असे एक म्हणतो. "शिक्षकाची नोकरी पक्की," असे दुसरा सांगतो. दोन्ही विधाने हिशेब न मांडता केलेली असतात. शेजारच्या लातूर जिल्ह्यात वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाच्या शिकवण्यांवर किती खर्च करावा आणि त्यातून काय मिळेल, याचा ताळा पालक बारकाईने मांडतात. तोच पालक शारीरिक शिक्षणाच्या बाबतीत मात्र, "अभ्यासात मन नाही, खेळात तरी जाऊ द्या," एवढ्यावर निर्णय घेतो. मैदानाला दुय्यम मानण्याची ही सवय जुनी आहे आणि तिचा भुर्दंड विद्यार्थ्यास सोसावा लागतो.

पूर्वपीठिका

शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकास स्वतंत्र प्रशिक्षण हवे, ही जाणीव आपल्याकडे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली. मद्रास येथे हॅरी बक यांनी १९२० मध्ये वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९३१ मध्ये हैदराबादेत निघाले. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवली येथे प्रशिक्षण संस्था काढली. विदर्भात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून आखाड्याच्या परंपरेला शिस्तबद्ध शिक्षणाची जोड दिली. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, हे आजही अभिमानाने सांगितले जाते. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये ग्वाल्हेर येथे लक्ष्मीबाई महाविद्यालय आणि १९६१ मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था उभी राहिली. पहिली संस्था शिक्षक घडविण्यासाठी होती, दुसरी क्रीडा प्रशिक्षक घडविण्यासाठी. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे, कारण आजही अनेक विद्यार्थी एका वाटेचे शुल्क भरतात आणि दुसऱ्या वाटेवरील नोकरीची अपेक्षा धरतात.

मराठवाड्यात विद्यापीठ आले ते १९५८ मध्ये. पुढे १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि नांदेड, लातूर, परभणी या भागातील विद्यार्थ्यांची पदवीसाठी होणारी पायपीट पुष्कळ कमी झाली. पदवी जवळ आली हे खरे. परंतु पदवी जवळ येणे आणि पद जवळ येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कोणती पदवी कोणते दार उघडते

बारावीनंतर शारीरिक शिक्षणाची तीन वर्षांची पदवी घेता येते. तिची नावे विद्यापीठागणिक बदलतात, बी.पी.ई.एस. हे त्यांतील परिचित नाव. ही पदवी इतर पदव्यांच्या बरोबरीची असल्याने केवळ "कोणत्याही शाखेचा पदवीधर" एवढीच अट असलेल्या स्पर्धा परीक्षांना बसता येते. मात्र एवढ्या पदवीवर माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होता येत नाही. त्यासाठी बी.पी.एड. ही व्यावसायिक पदवी लागते. ती पूर्वी एक वर्षाची होती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनंतर ती दोन वर्षांची झाली. या विनियमांनुसार कोणत्याही शाखेचा पदवीधर ५० टक्के गुण व मान्यताप्राप्त स्पर्धांतील सहभाग यांच्या बळावर प्रवेशास पात्र ठरतो. शारीरिक शिक्षणाच्या पदवीधरास ४५ टक्के पुरेसे असतात. राज्यात प्रवेशासाठी सामाईक प्रवेश परीक्षा असून तीत लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही द्यावी लागते.

येथे एक बाब ध्यानी घ्यावी. बी.ए. करून बी.पी.एड. केले काय किंवा बी.पी.ई.एस. करून बी.पी.एड. केले काय, बारावीनंतरची वर्षे पाचच होतात. पहिल्या मार्गाने गेलेल्याच्या हाती मराठी, इतिहास किंवा भूगोल यांसारखा एक शालेय विषय अधिक राहतो. ग्रामीण भागातील लहान शाळांत पदे पटसंख्येवर मंजूर होतात. संचमान्यतेच्या गणितात खेळाच्या शिक्षकाला वर्गावर दुसरा विषयही शिकवावा लागतो, आणि मुख्याध्यापकांस असा दोन्हीकडे चालणारा शिक्षक हवा असतो. दुसऱ्या मार्गाने गेलेल्याची मैदानावरील व शरीरशास्त्रावरील पकड अधिक पक्की होते, यात शंका नाही. परंतु नांदेड-लातूरच्या खेड्यातील शाळा हे ज्याचे उद्दिष्ट आहे, त्याने पहिला मार्ग सहजासहजी सोडू नये, असेच म्हणावे लागेल.

बी.पी.एड. नंतर दोन वर्षांची एम.पी.एड. ही पदव्युत्तर पदवी येते. तिच्या पुढचे दार महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालकाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार या पदासाठी ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट (अथवा पीएच.डी.), स्पर्धांतील सहभागाचा पुरावा आणि शारीरिक क्षमता चाचणी अशा अटी आहेत. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १८०० मीटर, तर त्याच वयोगटातील महिला उमेदवाराने ८ मिनिटांत १००० मीटर अंतर धावून दाखवावे लागते. वय वाढते तसे अंतर कमी होते. पुस्तकी तयारीत गुंतून मैदान सुटलेल्या उमेदवाराला ही चाचणी अखेरच्या टप्प्यावर अडवू शकते, हे अनेकांच्या लक्षात उशिरा येते.

या पदाचे प्रारंभीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपये आहे, आणि त्याचे आकर्षण वाटणे साहजिक आहे. तथापि एका महाविद्यालयात असे पद सामान्यतः एकच असते. ते एकदा भरले की पंचवीस-तीस वर्षे पुन्हा रिकामे होत नाही. उलट बी.पी.एड.च्या एका महाविद्यालयास परिषदेच्या विनियमांनुसार प्रतिवर्षी पन्नास-पन्नासच्या दोन तुकड्या, म्हणजे शंभर विद्यार्थी घेता येतात. एका वर्षी एका महाविद्यालयातून बाहेर पडणारे शंभर आणि तालुक्यातील महाविद्यालयांत असणारी मोजकी पदे यांचे प्रमाण सांगण्यास आकडेमोडीची गरज नाही.

पतियाळा येथील संस्थेचा क्रीडा प्रशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम निराळा. तो एका विशिष्ट खेळाचा प्रशिक्षक घडवतो. क्रीडा प्रबोधिनी, क्रीडा खाते, संघटना, मोठ्या शहरांतील खाजगी संस्था यांच्याकडे त्याचे मोल आहे. शाळेतील शिक्षकपदासाठी तो बी.पी.एड.ची जागा घेऊ शकत नाही. व्यायामशाळा किंवा जिममध्ये काम करू इच्छिणाऱ्यासाठी काही महिन्यांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम निघाले आहेत. योगशिक्षकांसाठी आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील प्रमाणन मंडळाची परीक्षा आहे. या छोट्या वाटांचा खर्च थोडा आणि वेळही थोडा; पण त्यांतून वेतनश्रेणीची हमी मिळत नाही. ज्याला लवकर कमवायचे आहे त्याने त्यांकडे तुच्छतेने पाहू नये, एवढेच.

कौशल्य आणि पदवी यांचा संबंध नेहमीच सरळ नसतो, याची साक्ष हाच परिसर देतो. लातूरच्या मातीतून आलेले अर्जुन पुरस्कारप्राप्त मल्ल काका पवार यांनी पुण्यात वस्ताद म्हणून नाव कमावले. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या बीड जिल्ह्यातील राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. नांदेड जिल्ह्यातील दिव्यांग खेळाडू भाग्यश्री जाधव २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताच्या ध्वजवाहक होत्या. अशी नावे घराघरांत सांगितली जातात आणि सांगावीतही. परंतु पदक मिळवणारा एखादाच असतो. पदवीचा विचार करावयाचा तो उरलेल्यांसाठी.

हिशेब कसा मांडावा

पालक सर्वप्रथम शुल्क विचारतात. अमुक महाविद्यालयात किती, तमुक ठिकाणी किती, आणि कमी असेल तेथे नाव घालतात. विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांचे शुल्क राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाकडून निश्चित होते व ते प्रत्येक महाविद्यालयाचे वेगळे असते. म्हणून ते विचारले पाहिजेच. पण शुल्क हा एकूण खर्चाचा लहान भाग आहे, हे पुढील उदाहरणावरून दिसेल. उदाहरणातील काही आकडे केवळ गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

अर्धापूर तालुक्यातील एखादा बी.ए. झालेला तरुण बी.पी.एड.साठी बाहेरगावी गेला, असे धरू. शुल्क वर्षाला २५,००० रुपये धरले, तर दोन वर्षांचे ५०,००० होतात. खोली आणि खानावळ मिळून महिना ४,००० धरले, तर वीस महिन्यांचे ८०,०००. बूट, ट्रॅकसूट, परीक्षा, शिबिरे, येणे-जाणे यांसाठी १०,०००. वहीत लिहिला जाणारा खर्च एवढाच, म्हणजे १,४०,००० रुपये.

वहीत न लिहिला जाणारा खर्च याहून मोठा आहे. हा तरुण या दोन वर्षांत कमावू शकला असता. किती, हे ठरवण्यासाठी सर्वांत साधी मोजपट्टी घेऊ. २०२५-२६ या वर्षासाठी राज्यात रोजगार हमीच्या कामाचा ठरलेला दर दिवसाला ३१२ रुपये होता. महिन्याला वीस दिवस काम मिळाले असे मानले, तर महिना ६,२४० रुपये आणि चोवीस महिन्यांचे १,४९,७६० रुपये. केळीच्या बागेत घड तोडून वाहणाऱ्या किंवा गुढीपाडव्याला साल ठरवणाऱ्या सालगड्याच्या घरी हा आकडा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मुलगा शिकायला गेला की हातचा रोजगार गेला, हे त्या घराला पहिल्या आठवड्यातच जाणवते. दोन्ही मिळून एकूण खर्च २,८९,७६० रुपये होतो.

आता शुल्क निम्मे झाले असे समजा. वाचले २५,०००, म्हणजे एकूण खर्चाच्या नऊ टक्क्यांहूनही कमी. याउलट पदवी हाती आल्यावर एक वर्ष नुसते वाट पाहण्यात गेले, तर त्याच मोजपट्टीने ७४,८८० रुपये गेले. शुल्कातील बचतीच्या ते तिप्पट होतात. घराजवळ मान्यताप्राप्त महाविद्यालय मिळाले व एस.टी.च्या पासावर जाणे-येणे शक्य झाले, तर खोली-खानावळीच्या ८०,००० ऐवजी प्रवासाचे सुमारे २०,००० धरता येतील. ६०,००० रुपये वाचतील आणि ही रक्कम दोन वर्षांच्या संपूर्ण शुल्काहून अधिक आहे. विद्यार्थ्यांना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे. मात्र या अभ्यासक्रमाचा दिवस पहाटेच्या मैदानापासून सुरू होतो. पहिली गाडी कितीला निघते आणि ती वेळेवर पोचते का, हे पाहिल्यावाचून वरील बचत कागदावरच राहील.

हा खर्च कधी भरून निघतो, ते नोकरीच्या दारावर अवलंबून आहे. अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षण सेवक म्हणून निवड झाली, तर जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराने महिना १८,००० रुपये मानधन मिळते. त्यातून मजुरीचे ६,२४० वजा केले, तर पदवीमुळे झालेली वाढ महिना ११,७६० रुपयांची. या दराने सुमारे पंचवीस महिन्यांत संपूर्ण खर्च वसूल होतो. तीन वर्षांची सेवा समाधानकारक झाल्यावर प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची वेतनश्रेणी मिळते आणि तिची सुरुवात ३८,६०० रुपयांच्या मूळ वेतनापासून होते. या मार्गाने गेलेल्यासाठी बी.पी.एड. ही स्वस्त पदवी होय.

तोच तरुण एखाद्या खाजगी व्यायामशाळेत किंवा भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या वर्गात महिना ९,००० रुपयांवर लागला, असे धरले तर वाढ केवळ २,७६० रुपयांची राहते. मग २,८९,७६० रुपये भरून निघण्यास सुमारे एकशे पाच महिने, म्हणजे पावणेनऊ वर्षे लागतील. पदवी एकच, महाविद्यालय एकच, गुणपत्रिकेवरील शेराही तोच; एका ठिकाणी दोन वर्षे आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ नऊ. म्हणून "ही पदवी परवडते का," या प्रश्नाला एक उत्तर देताच येत नाही.

एम.पी.एड.चा हिशेब तर आणखी काटेकोरपणे मांडावा लागतो. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याला पुढील दोन वर्षांत मजुरीचे १,४९,७६० रुपये गमवावे लागतात. पण ज्याला शिक्षण सेवकाची जागा मिळाली आहे, त्याने ती सोडली तर दोन वर्षांचे मानधनच ४,३२,००० रुपये होते. शिवाय वेतनश्रेणी लांबते, ते वेगळे. महाविद्यालयातील एका पदासाठी एवढी जोखीम घ्यावी काय, याचा निर्णय नेट किंवा सेट उत्तीर्ण होण्याची स्वतःची तयारी पाहूनच करावा. या परीक्षांना पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अखेरच्या वर्षातही बसता येते. तेव्हा वर्ष वाया न घालवण्याची सोय आहे, पण तिचा लाभ घेणारे थोडे.

शाळेतील जागा आणि त्यांची खरी स्थिती

राज्यात शिक्षकभरती २०१७ पासून अभियोग्यता चाचणी व पवित्र प्रणाली यांच्या द्वारे होऊ लागली. ही चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, त्यानंतर २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये. दोन चाचण्यांतील हे अंतर वर मांडलेल्या हिशेबात फार मोठे आहे. एका वर्षाच्या प्रतीक्षेची किंमत ७४,८८० रुपये असेल, तर पाच वर्षांची किती, हे प्रत्येकाने करून पाहावे. नेमकी चाचणी झाल्यावर पदवी हाती पडलेल्या विद्यार्थ्याचे नुकसान शुल्काच्या कोणत्याही सवलतीने भरून निघणारे नाही.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराहून अधिक पट असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद केली. शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य असावे, हेही त्याच कायद्याच्या अनुसूचीत आहे. हेतू चांगला, परंतु "अंशकालीन" या शब्दाने पदवीचे मोल खाली आणले, असे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक म्हणतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पाच वर्षे शिकलेल्या माणसाने तासांच्या हिशेबाने घर कसे चालवावे? शंभरापेक्षा कमी पटाच्या शाळेत तर तेवढीही तरतूद नाही. तेथे खेळाचा तास गणिताच्या गुरुजींकडे किंवा कोणाकडेच नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे चांगला घाम गाळणारी हालचाल हवी, असे म्हटले आहे. एखाद्या खेड्यात ती कोण करवून घेणार, हा प्रश्न पदवीधराच्या पोटाच्या प्रश्नाशी जोडलेला आहे.

मुलींच्या बाबतीत हे विशेष जाणवते. शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई असल्या, तर आठवी-नववीतील मुलीला कबड्डी वा खो-खोच्या संघात पाठवण्यास घरचे सहसा नकार देत नाहीत. केवळ सर असले, तर तालुक्याच्या सामन्यापूर्वीच मुलीचे नाव वगळले जाते. या दृष्टीने बी.पी.एड. झालेली एक स्थानिक तरुणी गावाला किती उपयोगी पडते, हे वरच्या रुपयांच्या हिशेबात मावणारे नाही. तिच्यासाठी खर्चाचा भारही आता हलका झाला आहे. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली. मार्च २०२३ पासून एस.टी.च्या तिकिटात महिलांना निम्मी सवलत सुरू झाली. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना, शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून निवास-भोजनासाठी रक्कम मिळते. वरील उदाहरणातील सर्वांत जड नोंद खोली-खानावळीची होती, हे लक्षात घेता या योजनेचे महत्त्व ध्यानात येईल.

प्रवेशापूर्वीची चौकशी

अध्यापक शिक्षण परिषदेच्या १९९३ च्या अधिनियमातील कलम १७ कडे पालकांचे क्वचितच लक्ष जाते. संस्थेची मान्यता काढून घेतल्यानंतर तेथून मिळवलेली पदवी शासकीय सेवेत, विद्यापीठात किंवा अनुदानित शाळेत नोकरीसाठी वैध मानली जात नाही, असे हे कलम सांगते. भव्य फाटक, फलक आणि माहितीपुस्तिका यांवरून मान्यता ओळखता येत नाही. ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा त्या वर्षी मान्यता चालू आहे काय, हे परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत पाहावे. अशा संस्थेचे शुल्क कितीही कमी असले, तरी ती सर्वांत महागडी ठरते. परिषदेने २०२५ मध्ये नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला असल्याने अभ्यासक्रमाचा कालावधी व पात्रता यांचीही प्रवेशाच्या वेळी नव्याने खात्री करून घेणे इष्ट.

महाविद्यालयास एकदा प्रत्यक्ष भेट द्यावी, आणि ती शक्यतो सकाळी साडेसहाला. त्या वेळी मैदानावर किती विद्यार्थी आहेत, धावपट्टीवर गवत वाढले आहे की चुन्याच्या रेषा आहेत, सरावपाठासाठी विद्यार्थी कोणत्या शाळांत जातात, हे पाहिले की पुष्कळ गोष्टी न विचारता कळतात. हजेरीपुरते नाव घालून घरी राहण्याची सवलत कोणी देऊ केली, तर ती सवलत नव्हे. पोलीस शिपाई भरतीत ५० गुणांची मैदानी चाचणी असते, तीत १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे व गोळाफेक यांचा समावेश आहे. तिची तयारी करून देणारे वर्ग नांदेड-लातूरमध्ये वाढत आहेत. तेथे काम मागायला गेलेल्या पदवीधराला पहिल्याच सकाळी शिट्टी देऊन मैदानावर उभे केले जाते, आणि घरी बसून मिळवलेली पदवी तेथे दहा मिनिटांत उघडी पडते. अशा वर्गांत काम स्वीकारताना मानधन, सुट्ट्या आणि कामाचे तास लिहून घेण्याची पद्धत अजून रुळलेली नाही, ती रुळावी.

पंचायत सदस्य आणि महसूल खात्यातील कर्मचारी यांच्या हाती असलेली गोष्ट कागदपत्रांची आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर आणि विशेषतः जात पडताळणीचे प्रमाणपत्र यांसाठी विद्यार्थी प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करतो. पडताळणीस वेळ लागतो, तो लागणारच. राखीव जागा व शुल्काची सवलत या दोन्ही एका कागदावाचून हातच्या जातात आणि वर मांडलेल्या हिशेबात ५०,००० रुपयांची नोंद पुन्हा उभी राहते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या व बी.पी.एड.चा विचार करणाऱ्या मुलामुलींची यादी ग्रामसेवक व मुख्याध्यापकांनी दिवाळीच्या सुट्टीत केली, तर उन्हाळ्यापर्यंत हे कागद तयार होऊ शकतात. त्याच यादीतील उमेदवारांना शाळेचे मैदान पहाटे खुले ठेवावे. प्रवेश परीक्षेच्या मैदानी चाचणीचा सराव रहदारीच्या रस्त्याच्या कडेला करण्यापेक्षा तो तेथे अधिक सुरक्षितपणे होईल, आणि शाळेच्या फाटकाची किल्ली कोणाकडे राहील, एवढेच ग्रामसभेत ठरवावे लागेल.